दोन पाने जिंकली, पण कशाविरुद्ध?

दरवर्षी १६ जानेवारीला गोव्यात ‘अस्मिताय दिस’ पाळला जातो आणि गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश राहायचे यावरच्या १९६७च्या जनमत कौलाच्या आठवणी निघतात. त्यातल्या बऱ्याच ऐकीव.

‘स्वतंत्र भारतातले हे एकमेव सार्वमत,’ असे हमखास सांगतात. त्याआधी जुनागड (१९४८) आणि चंद्रनगर (१९४९) येथे लोकांचे मत घेतले होते; पुढे १९७५मध्ये सिक्कीममध्येही घेतले. राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. गोव्यासाठी संसदेला १९६६मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

दुसरा समज जास्त चिवट: ख्रिश्चनांनी हिंदूंना हरवले, कोकणीने मराठीला. ख्रिस्तीबहुल सासष्टी तालुक्याने विलीनीकरणाविरुद्ध भरभरून मते दिली, हे खरे. पण गोव्यात हिंदू निम्म्याहून अधिक होते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर ‘फूल’, संघप्रदेश राहायचे असेल तर ‘दोन पाने’, अशी निशाणी होती. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. हिंदूंची साथ नसती तर ३४,०२१ची ही आघाडी मिळालीच नसती. भाषेचे म्हणाल तर विलीनीकरणाविरुद्धची एक धारदार लेखणी मराठीतच चालत होती. ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विलीनीकरणवाद्यांवर तुटून पडे. मराठी वाचणारा, मराठीत भजन म्हणणारा माणूस महाराष्ट्रात जायला नको म्हणू शकतो, हे आपल्याकडे अनेकांना आजही पटत नाही.

‘विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांना लोकांनी नाकारले,’ हेही तितकेच चुकीचे. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने डिसेंबर १९६६मध्ये राजीनामा दिला होता. मार्च १९६७च्या निवडणुकीत त्यांच्याच महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाने ३०पैकी १६ जागा जिंकल्या आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण नको, पण कूळकुळवाड्यांचा हा नेता हवा, असे म्हणणारे मतदार त्यात होते हे उघड आहे. माझ्या मते त्या काळच्या गोवेकराची राजकीय समज कौलापेक्षाही या निकालात दिसते.

राहिला प्रश्न राज्याचा. कौलाने गोवा राज्य झाले, असे शाळकरी भाषणांत हटकून येते. मतपत्रिकेवर तो पर्यायच नव्हता. गोवा आणखी वीस वर्षे संघप्रदेशच होता. राज्याचा दर्जा मिळायला ३० मे १९८७ उजाडावा लागला.