राउंड पीकचा फिडलवादक

उत्तर कॅरोलायना आणि व्हर्जिनिया या दोन अमेरिकी संस्थानांची सरहद्द ब्लू रिज पर्वताला छेदून जाते, आणि तिच्या दक्षिणेस सरी परगण्यात राउंड पीक नावाचा एक डोंगराळ टापू आहे. १ मार्च १९०१ रोजी तेथे जन्मलेल्या टॉमी जॅरेल यांची सरकारी दप्तरातील ओळख म्हणाल, तर रस्ते खात्यात सपाटीकरणाचे यंत्र चालवणारा एक नोकर, एवढीच होती. १९२५ पासून १९६६ पर्यंत त्यांनी ती चाकरी इमानेइतबारे केली. ज्या विद्येमुळे त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते, ती विद्या त्यांनी उपजीविकेचे साधन कधी केली नाही. आणि रंगमंचाच्या व रेडिओच्या अभिरुचीसाठी तिला मुरड घालण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही, याचे श्रेय मी या साध्या चाकरीलाच देतो.

घरी शेतकामाला असलेल्या गड्याकडून ते बालपणीच बॅंजो शिकले, आणि पुढे मिसरूड फुटण्याच्या वयात त्यांच्या हाती फिडल आले. वडील बेन जॅरेल हे स्वतः नामांकित वादक. १९२७ साली डा कोस्टा वोल्ट्झ यांच्या ‘सदर्न ब्रॉडकास्टर्स’ या ताफ्यातून इंडियाना संस्थानातील रिचमंड येथे जाऊन त्यांनी जेनेट कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले होते. परंतु टॉमींची विद्या केवळ पितृदत्त नव्हती. यादवी युद्धात बंदूक धरलेले वृद्ध त्या काळी परगण्यात हयात होते, आणि त्यांच्या कापऱ्या हातांतूनही या मुलाने चाली उचलल्या. त्यामुळे १८६५ पूर्वीचे वादन एका मनुष्याच्या मध्यस्थीने थेट ध्वनिफितीच्या युगात येऊन पोहोचले.

या संगीताचा आश्रय म्हणजे नाच. नाताळापासून पुढे बारा दिवस आज या घरी, उद्या त्या घरी, सामानसुमान बाहेर काढून मोकळ्या केलेल्या खोलीत रात्र रात्र नाचण्याचा दस्तूर त्या टापूत होता, आणि वाद्ये बहुधा दोनच असत: गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर ब्रिटिश बेटांतून आलेले फिडल, आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या स्मृतीतून त्या भूमीवर घडलेला बॅंजो. गुलामगिरीच्या दारुण इतिहासातून जन्मलेले हे साहचर्य ध्यानात घेतल्यावाचून, राउंड पीकच्या लयीत जो विलक्षण झोका आहे त्याचा उलगडा होणार नाही.

वाद्य म्हणून पाहता फिडल आणि व्हायोलिन यांत मूलतः भेद नाही. भेद आहे तो तारा लावण्यात आणि गज फिरवण्यात. आपल्या परिभाषेत सांगायचे, तर काही चालींसाठी खर्जाकडच्या दोन तारा एकेक स्वर वर चढवून चारही तारा षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशा मिळवतात, आणि मग वाजणाऱ्या तारेशेजारची मोकळी तार आस देत राहते. ‘ड्रंकन हिकप्स’ या चालीसाठी तर सर्वांत उंच तार गांधारावर उतरवतात. ही सिद्धता कोणासही कानाने साधेल. गजाची गोष्ट मात्र निराळी. टॉमींच्या मनगटाच्या लहानशा झटक्यांनी आघात अपेक्षित मात्रेच्या किंचित आधी किंवा नंतर पडे, आणि स्वरलिपीत चाल उतरली तरी ही हालचाल तीत उतरत नसे.

१९६७ साली पत्नी नीना निवर्तल्या. त्यानंतरच्या एकाकी काळात विश्वविद्यालयांतून व दूरदूरच्या शहरांतून तरुण मुलेमुली त्यांच्या दारी येऊ लागली, आणि टॉमींनी कोणाला परत पाठवले नाही. स्वतः रांधून वाढावे, रात्री निजायला जागा द्यावी, आणि पाहुण्यांनी समोर बसून उजव्या हाताकडे पाहत राहावे, असा त्या घरचा शिरस्ता झाला. शुल्क नाही, अभ्यासक्रम नाही, घराण्याची अट नाही. गुरुगृही राहून विद्या घेण्याची आपली कल्पना इतक्या सहजपणे दुसऱ्या खंडात नांदत असलेली पाहून मला त्या वृद्धाविषयी अंतःकरणपूर्वक आत्मीयता वाटते.

लौकिक मानमरातब उशिरा आला. नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स या सरकारी संस्थेने १९८२ साली लोककलावंतांसाठी राष्ट्रीय वारसा सन्मान सुरू केला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला. लेस ब्लँक यांच्या बोलपटाने त्यांचे घर, बोलणे व वादन टिपून ठेवले. २८ जानेवारी १९८५ रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांचे फिडल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात गेले.

ज्यांना हे संगीत प्रथमच ऐकायचे असेल, त्यांनी ‘डाउन टू द सायडर मिल’ या १९६०च्या दशकाअखेरच्या ध्वनिमुद्रिकेपासून आरंभ करावा. तीत टॉमींबरोबर बॅंजोवर फ्रेड कॉकरहॅम आहेत, आणि आहेत ऑस्कर जेंकिन्स, ज्यांचे वडील फ्रँक १९२७ च्या त्या ताफ्यात बेन जॅरेल यांचे साथीदार होते. पहिल्या ऐकण्यात चाली एकसारख्या भासतील. तेव्हा डाव्या हाताच्या स्वरांवरून लक्ष काढून गजाच्या ठोक्यांचा माग घ्यावा. एकाच चालीच्या दोन फेऱ्या किती भिन्न आहेत, हे मग ध्यानात येऊ लागते.