स्निग्ध सांडपाणी आणि जंतूंची भागीदारी

दुग्धालय, खाटिकखाना किंवा तेलगिरणी यांतून वाहून येणाऱ्या पाण्यावर बहुधा तेलकट तवंग दिसतो. हे पाणी तसेच नदीत सोडले, तर तवंगामुळे हवेतील प्राणवायू पाण्यात नीट मिसळत नाही. शिवाय मेद कुजविणारे जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरून मरतात. परंतु ज्या द्रव्याने नदी नासते, त्याच द्रव्यात पुष्कळ ऊर्जाही साठलेली असते. ती मिळवून देण्याचे कार्य प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्म जीव करतात.

इटलीतील शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ साली माग्योरे सरोवराच्या चिखलातून निघणारे बुडबुडे गोळा केले आणि तो वायू जळतो असे दाखविले. हाच मिथेन वायू होय. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठालयात १८९७ साली मैल्यापासून निघणारा असा वायू उपयोगात आणला गेला होता.

मेदाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका रेणूस जोडलेली तीन मेदाम्ले. बंद टाकीतील काही जंतू प्रथम लायपेज नावाचे पाचक द्रव्य बाहेर सोडतात व त्यामुळे हे सांधे सुटतात. ग्लिसरीन लवकर संपते. मेदाम्लाची लांब साखळी मात्र दोन दोन कार्बन अणूंच्या तुकड्यांनी तोडावी लागते. पामिटिक अम्लात १६ कार्बन अणू असतात. त्याच्या एका रेणूपासून, पाण्याच्या साहाय्याने, अॅसेटिक अम्लाचे ८ आणि हायड्रोजनचे १४ रेणू निर्माण होतात.

येथे एक अडचण उद्भवते. हायड्रोजन साचू लागला की या क्रियेतून जंतूंना ऊर्जाच मिळेनाशी होते व विघटन थांबते. म्हणून १९८१ साली वर्णिलेल्या सिंट्रोफोमोनास वोल्फेईसारख्या जंतूंना मिथेनजनकांची सोबत लागते. त्यांतील काही मिथेनजनक हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवितात. दुसरे अॅसेटिक अम्लाचे मिथेन व कार्बन डायऑक्साइड यांत विभाजन करतात. पूर्वी मिथेनजनकांची गणना जंतूंतच होत असे. १९७७ साली कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी त्यांचे कुळ निराळे असल्याचे दाखविले. या भागीदारीत एकाचा त्याज्य पदार्थ तो दुसऱ्याचे अन्न ठरतो.

हिशेबाने पाहता १ किलोग्रॅम मेदापासून सुमारे १,००० लिटर मिथेन मिळू शकतो, तर तितक्याच ग्लुकोजपासून सुमारे ३७० लिटर. तथापि हे समृद्ध अन्न पचविणे सोपे नाही. मेदाम्ले जंतूंच्या गाळास चिकटतात, त्यांच्यापर्यंत अन्न पोहोचू देत नाहीत, आणि हलका झालेला गाळ तरंगून पाण्याबरोबर वाहून जातो. ही विषबाधा कायमची असते असा समज होता. परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगालमधील ब्रागा येथील संशोधकांनी दाखविले, की नवा मेद घालणे काही काळ थांबविल्यास गाळ चिकटलेली मेदाम्ले हळूहळू पचवितो व त्यांचा मिथेन होतो. म्हणून सांडपाणी बेताबेताने, मध्ये विसावा देऊन सोडणे हितावह ठरते.

मिळालेला वायू मात्र जाळलाच पाहिजे. तो हवेत निसटला, तर शंभर वर्षांच्या कालावधीत तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता वातावरणात अडकवितो. तोच वायू बाष्पकाखाली जळाला, तर दुग्धालयास आपल्याच सांडपाण्यापासून इंधन लाभते आणि नदीही वाचते.