यात्रा-मुक्कामातील चूल : निवड आणि दक्षता

घराबाहेर मुक्काम करावयाचा म्हटला की, निवाऱ्याच्या खालोखाल प्रश्न येतो तो चुलीचा. वाशीम जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरणाऱ्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर तो व्यापार संपला, तांडे स्थिरावले. पण फिरस्तीची गरज संपली नाही. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेसाठी दूरदूरच्या राज्यांतून कुटुंबे येतात आणि उघड्या माळावर उतरतात. ज्येष्ठ महिन्यात शेगावहून पंढरपूरला निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी पातूर ओलांडून मेडशीजवळ जिल्ह्यात प्रवेश करते आणि शिरपूर, रिसोड या मार्गाने पुढे जाते. कारंजा येथील गुरुमंदिर, शिरपूरचे जैन तीर्थ येथेही भाविकांची सतत ये-जा असते. हंगामी कामासाठी काही महिने गाव सोडणारी कुटुंबे आणि शाळांची स्काऊट-गाईड शिबिरे ही यात आणखी भर.

या सर्वांना सोबत नेता येईल अशी चूल लागते. ती निवडताना बहुधा किंमत आणि सोय एवढेच पाहिले जाते. वस्तुतः या निवडीवर इंधनाचा खर्च, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांचे आरोग्य आणि कित्येकदा संपूर्ण मुक्कामाची सुरक्षितता अवलंबून असते.

मदुराईचा धडा

दि. २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे तामिळनाडूतील मदुराई येथे उभ्या असलेल्या एका पर्यटक रेल्वे डब्यास आग लागली. उत्तर प्रदेशातून तीर्थयात्रेस निघालेले प्रवासी या डब्यात होते. त्यांनी नियम मोडून गॅस सिलिंडर सोबत आणला होता आणि त्यावर पहाटेचा चहा करण्याचे चालले होते. या आगीत ९ जणांचा मृत्यू झाला. सिलिंडर, स्टोव्ह, रॉकेल यांसारख्या ज्वालाग्राही वस्तू रेल्वेतून नेणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १६४ अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यात्रेसाठी सामुदायिक प्रवासाची आखणी करणाऱ्यांनी हे प्रथम ध्यानात घ्यावे की, रेल्वेने किंवा एस.टी.ने जावयाचे असेल तर चूल सोबत नेण्याचा विचारच करू नये. मुक्कामी पोहोचल्यावर स्थानिक व्यवस्था पाहावी.

इंधनांची तुलना

दहा माणसांच्या गटास सकाळी दहा लिटर पाणी उकळावयाचे आहे, असे समजू. २५ अंश सेल्सिअसचे पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ३,१४० किलोज्यूल उष्णता लागते. ही उष्णता निरनिराळ्या चुलींतून किती इंधनात मिळते, ते पाहिले म्हणजे फरक स्पष्ट होतो.

तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के भाग भांड्यापर्यंत पोहोचतो; बाकीची वाऱ्यावर जाते. एक किलो सुक्या लाकडात सुमारे १५ ते १६ हजार किलोज्यूल उष्णता असते. म्हणजे या पाण्यास दीड ते दोन किलो लाकूड लागेल. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये सुमारे ४० टक्के उष्णता उपयोगी पडते असे धरल्यास पाव लिटरच्या आसपास रॉकेल पुरते. द्रवरूप पेट्रोलियम गॅसच्या एका किलोत सुमारे ४६ हजार किलोज्यूल उष्णता असते. भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची उष्णता-कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. उघड्यावर ती ५० टक्क्यांवर आली असे मानले तरी सुमारे १३५ ते १४० ग्रॅम गॅसमध्ये काम होते.

या हिशेबात वाऱ्याला मोठे स्थान आहे. माळरानावर वारा सुटला की कोणत्याही चुलीचे इंधन दीडपट, दुप्पटही लागू शकते. म्हणून चूल कोणतीही असो, तिला आडोसा हवाच.

कोणती चूल कोणास योग्य

लाकडाची चूल. आपल्या भागात तुराट्या आणि पऱ्हाट्या विपुल मिळतात. त्या लवकर पेटतात, पण लवकर जळूनही जातात आणि ठिणग्या उडवितात. रामनवमीच्या सुमारास गवत वाळलेले असते. त्या दिवसांत माळावर तुराट्यांची चूल पेटविणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात ओले सरपण धूर करते. पेटविणे भाग असेल तर भोवतालचे गवत निदान दोन-तीन मीटरपर्यंत साफ करून, खड्डा घेऊन त्यात चूल मांडावी आणि निघताना पाणी ओतून राख हाताने चाचपता येईल इतकी थंड करावी.

कोळशाची शेगडी. हिच्यात ज्वाला नसते, धूर कमी असतो, त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. हा समज घातक आहे. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद तंबूत, मालमोटारीच्या झाकलेल्या हौद्यात किंवा खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे जागी न होताच दगावतात. शेगडी उघड्यावरच वापरावी. थंडीसाठी ती कधीही आत घेऊ नये.

रॉकेलचा स्टोव्ह. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी काजळी न धरणारा पंपाचा स्टोव्ह तयार केला आणि तो जगभरच्या प्रवाशांचा सोबती झाला. आपल्याकडील पितळी स्टोव्ह हा त्याचाच वंशज. तथापि रेशनवरील रॉकेल आता पूर्वीसारखे मिळत नाही. जुना स्टोव्ह वापरात असल्यास पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल भरू नये आणि रॉकेलमध्ये पेट्रोल कधीही मिसळू नये.

पाच किलोचा गॅस सिलिंडर. आठ-दहा जणांच्या गटाला, वाहन सोबत असेल तर, हा सर्वांत सोयीचा पर्याय होय. मध्यम ज्योतीवर तासाला सुमारे १५० ग्रॅम गॅस जळतो. दिवसाकाठी चार तास चूल चालली तर ६०० ग्रॅम, म्हणजे एक सिलिंडर सुमारे आठ दिवस पुरतो. तेल कंपन्या २०१३ पासून असे सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर देतात. उज्ज्वला योजनेच्या १० ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांस पत्त्याबाबत स्वयंघोषणापत्र देण्याची सोय करण्यात आली. हंगामी कामासाठी बाहेर राहणाऱ्या कुटुंबांपर्यंत ही माहिती ग्रामपंचायतीने पोहोचविणे अगत्याचे आहे.

विजेची शेगडी. इंडक्शन शेगडीस १,२०० ते २,००० वॅट वीज लागते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत एकूण १,२०० वॅट-तास वीज असते. अशी शेगडी ती तासाभरातच रिकामी करील. म्हणून वाहनाच्या बॅटरीवर तिची भिस्त ठेवू नये. भक्तनिवासात वा शाळेत पक्की वीजजोडणी असेल तेथेच ती उपयुक्त.

सौर चूल. पेटीची सौर चूल वरण-भात दोन-तीन तासांत शिजविते. रोज चालणाऱ्या दिंडीला ती उपयोगी नाही; पण एकाच ठिकाणी राहणाऱ्या शिबिराला उन्हाळ्यात इंधनाशिवाय एक वेळचे जेवण देऊ शकते.

छोट्या सिलिंडरचे नियम

बाजारात मानक चिन्ह नसलेले लहान सिलिंडर मिळतात आणि काही दुकानांत मोठ्या सिलिंडरमधून ते भरूनही दिले जातात. ही भरणी बेकायदेशीर आहे. सिलिंडरमध्ये द्रव गॅस काठोकाठ भरला गेल्यास उन्हात प्रसरणाला जागा उरत नाही आणि तो फुटू शकतो. अधिकृत वितरकाकडील सिलिंडरच घ्यावा. त्याच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन अंक असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे पुढे. ही त्या सिलिंडरच्या पुढील तपासणीची मुदत होय. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा.

गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत, खड्ड्यात, वाहनाच्या तळाशी साचतो. त्यासाठी सिलिंडर तंबूत किंवा बंद वाहनात न ठेवता मोकळ्या, सपाट जागी उभा ठेवावा. आडवा ठेवल्यास द्रव गॅस नळीत येऊन ज्योत भडकते. गळती साबणाच्या फेसाने पाहावी, काडी ओढून कदापि नाही. रबरी नळी मानक चिन्हाची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी.

सिलिंडरवरच बसविलेल्या बर्नरबाबत दोन गोष्टी विशेष सांगावयाच्या. एक, त्यावर मोठे पातेले ठेवू नये. उंच, अरुंद आधारावर ते कलंडते. मोठ्या स्वयंपाकास नळीने जोडलेली वेगळी शेगडीच हवी. दुसरी, अशा चुलीला चारही बाजूंनी पत्र्याचा आडोसा करू नये. उष्णता कोंडून सिलिंडरच तापू लागतो. आडोसा वाऱ्याच्या बाजूने आणि थोड्या अंतरावर करावा.

वाहनात नेताना सिलिंडर उभा बांधावा, झडपेवर टोपण लावावे आणि रेग्युलेटर काढून ठेवावा. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले आहे. अशा वाहनात सिलिंडरसाठी वेगळा कप्पा असावा आणि त्याच्या तळाशी बाहेर उघडणारी भोके असावीत, म्हणजे गळालेला गॅस आत साचणार नाही.

इंधन वाचविण्याचे साधे उपाय

डाळ-तांदूळ तासभर भिजवावेत. प्रेशर कुकर वजनाला जड असला तरी इंधनाच्या बचतीने ते ओझे सार्थ ठरते. भांड्यावर झाकण ठेवावे. भाताला उकळी आली की भांडे गोधडीत किंवा कापूस भरलेल्या पेटीत घट्ट गुंडाळून ठेवल्यास तो आतल्या उष्णतेवर शिजतो. मात्र असे अन्न गरम असतानाच खावे. रात्रीचे सकाळपर्यंत ठेवू नये.

ग्रामपंचायत आणि शाळांचे कर्तव्य

यात्रेच्या गावी ग्रामपंचायतीने स्वयंपाकासाठी वेगळी जागा आखून द्यावी. ती मंडप, कडब्याच्या गंजी आणि वाहनतळ यांपासून दूर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून निवडावी. दोन चुलींमध्ये मोकळे अंतर, जवळ वाळूच्या बादल्या, पाण्याचा टँकर आणि अग्निशामक वाहनाला येण्याजोगा रस्ता राखावा. गॅसगळतीसाठी १९०६, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक ठळक फलकावर लिहावेत.

शिक्षकांनी शिबिरात चुलीची जबाबदारी मोठ्या व्यक्तीकडेच द्यावी. ओढणी, पदर, सैल बाही आवरून घेण्याची सवय मुलांना लावावी. तेल पेटल्यास त्यावर पाणी न टाकता झाकण ठेवावे व आच बंद करावी. भाजल्यास जखमेवर वीस मिनिटे थंड, वाहते पाणी सोडावे. शाई, तूप, टूथपेस्ट लावू नये आणि रुग्णास त्वरित दवाखान्यात न्यावे.

यात्रेच्या पूर्वतयारीच्या बैठकीत पाणी, दिवाबत्ती आणि स्वच्छता हे विषय नेहमी असतात. त्या यादीत चुलीचा विषय घालण्यास कोणताही निधी लागत नाही. ग्रामसभेत अर्धा तास देऊन वरील नियम समजावून सांगितले आणि यात्रेच्या पहिल्या संध्याकाळी पंचायत सदस्यांनी मुक्कामाच्या जागेवरून एक फेरी मारली, तर बहुतेक अपघात टळू शकतील.