परदेशी निघालात? सहा आठवडे आधी भेटा

परवा रात्री दवाखाना बंद करायच्या वेळेस अंबडच्या एका कारखान्यातले गृहस्थ घाईघाईने आले. "डॉक्टर, शुक्रवारी केनियाला निघायचंय. कंपनी मशीन बसवायला पाठवतेय. ते पिवळ्या तापाचं इंजेक्शन तेवढं टोचून टाका." तो दिवस होता मंगळवार! मी हात जोडले.

वाचकहो, ही लस माझ्यासारख्या डॉक्टरला दवाखान्यात देता येत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच ती पासपोर्ट दाखवून मिळते. मुंबईत अशी केंद्रे आहेत. शिवाय पहिल्यांदा लस घेतल्यावर तिचा दाखला १० दिवसांनी लागू होतो, कारण शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. शेवटी त्या गृहस्थांना तिकीट पुढे ढकलावे लागले.

पीतज्वराची एवढी धास्ती का?

पीतज्वर हा विषाणूमुळे होणारा आजार आफ्रिका व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागांत आढळतो. तो डासामार्फत पसरतो. आजार बळावला तर कावीळ होते, रक्तस्राव होतो आणि रोगी दगावू शकतो. त्यावर खात्रीचे औषध नाही, पण लस उत्तम आहे. ती शोधणाऱ्या मॅक्स थायलर यांना १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात हा रोग नाही. पण तो पसरवणारा एडिस डास मात्र आपल्या घरोघरी आहे! डेंग्यू पसरवतो तोच हा डास. कूलरमध्ये, पिंपात, गच्चीवरच्या टायरमध्ये तो वाढतो. एखादा प्रवासी हा विषाणू घेऊन आला तर पुढचे काम आपले डासच करतील. म्हणूनच त्या देशांतून दाखल्याशिवाय परतणाऱ्याला ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. २०१६ पासून हा दाखला जन्मभर चालतो, तेव्हा तो जपून ठेवावा. मात्र ९ महिन्यांखालील बाळे, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती फार कमी झालेले रुग्ण यांना ही लस देत नाहीत. गर्भवती आणि साठीपुढच्या मंडळींनी आधी सल्ला घ्यावा.

माझी एक चूक

मलेरियाची गोष्ट वेगळी. काही वर्षांपूर्वी एक तरुण ताप व अंगदुखी घेऊन आला. गावात तापाची साथ होती. मी व्हायरल समजून गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने त्याला रिक्षातून आणले, तेव्हा तो बरळत होता. "नायजेरियाहून येऊन पंधरा दिवसही झाले नाहीत हो," त्या म्हणाल्या. रक्त तपासले. फाल्सिपेरम मलेरिया निघाला, म्हणजे मेंदूवर जाणारा. मुलगा वाचला, पण आठवडाभर इस्पितळात जीव टांगणीला लागला होता. त्याने सांगितले नाही हे खरे, पण विचारायचे काम माझे होते. तेव्हापासून माझ्या टेबलासमोर पाटी आहे: "गेल्या वर्षभरात परदेशी जाऊन आलात का? आधी सांगा."

आफ्रिकेला जाताना मलेरिया टाळण्याच्या गोळ्या डॉक्टरी सल्ल्याने घ्याव्यात. त्या निघण्यापूर्वी सुरू करायच्या आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या, काही आठवडाभर तर काही चार आठवडे. "घरी आलो, आता कशाला?" म्हणून बरेच जण त्या सोडून देतात. पण मलेरियाचे जंतू आधी यकृतात दडून बसतात आणि नंतर रक्तात उतरतात. म्हणून गोळ्या पुऱ्या करायच्या.

हजला जाणारे आणि अमेरिकेहून येणारे

आपल्या जिल्ह्यातून, विशेषतः मालेगावातून, अनेक जण हजला जातात. लाखोंच्या गर्दीत खोकल्या-शिंकण्यातून मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, पसरू शकतो. म्हणून सौदी अरेबियाने त्याची लस सक्तीची केली आहे. तीही पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी हवी.

उलट बाजूही पाहा. सुटीत अमेरिकेहून नातवंडे येतात. आजी कौतुकाने पाणीपुरी खाऊ घालते आणि पुढे टायफॉइड किंवा कावीळ उद्भवते. मुले आपल्या रक्ताची खरी, पण इथल्या जंतूंशी त्यांची ओळख नसते. त्यांनी तिकडूनच टायफॉइडची व कावीळ 'ए'ची लस घेऊन यावे. इथे त्यांना उकळलेले पाणी द्यावे.

प्रवासातून आलेला आजार एका घरापुरता राहत नाही, हे आपण अनुभवले आहे. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण सापडले, ते दुबईची सहल करून पुण्यात परतलेले दांपत्य होते. त्यात त्यांचा काय दोष? पण पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

एवढे लक्षात ठेवा

१) तिकीट काढताच, निदान सहा आठवडे आधी, डॉक्टरांना भेटा. वाटेत कुठे विमान बदलणार तेही सांगा.
२) नेहमीची औषधे चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. सोबत ओआरएसची पाकिटे असू द्या.
३) पाणी बाटलीबंद वा उकळलेले, जेवण गरम. कापून ठेवलेली फळे व बर्फ टाळा.
४) डासांच्या देशात अंगभर कपडे घाला, मच्छरदाणी वापरा.
५) परतल्यावर ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि कुठे गेला होता ते न विचारता सांगा.

तहान लागल्यावर विहीर खणू नये. केनियाचे ते गृहस्थ आता लस घेऊन, दोन आठवड्यांनी निघणार आहेत. गोळ्यांची चिठ्ठीही नेली. परतल्यावर तोंड दाखवून जा, असे मी त्यांना बजावले आहे.