लांडगामाणूस, वाघमाणूस आणि संगणकाची करामत



१९७९ साली आलेला 'जानी दुश्मन' हा हिंदी चित्रपट आज टीव्हीवर लागला की घरात दोन तट पडतात. आईबाबा सांगतात, "हा पाहून आल्यावर आम्ही रात्री अंगणात जायला घाबरत होतो." मुले मात्र त्यातला केसाळ राक्षस पाहून खो-खो हसतात. "हा तर मुखवटा लावलेला माणूस आहे!" मग साहजिकच प्रश्न निघतो, की माणसाचा लांडगा, वाघ किंवा राक्षस होतो असे जे जुने भयपट आहेत, ते आजच्या संगणकीय तंत्राने पुन्हा का काढू नयेत? प्रश्न गमतीचा वाटतो, पण आपल्या भागातल्या लोकांनी त्यावर थोडा जास्तच विचार करावा अशी कारणे आहेत. ती पुढे येतीलच.

आधी जुनी करामत समजून घेऊ. पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणारा माणूस, ज्याला इंग्रजीत वेअरवुल्फ म्हणतात, तो मूळचा युरोपातल्या लोककथांतला. १९३५ च्या 'वेअरवुल्फ ऑफ लंडन' या चित्रपटात नट चालत चालत एकेका खांबाआड जातो आणि प्रत्येक वेळी बाहेर येताना चेहरा थोडा अधिक केसाळ झालेला असतो. खांबाआड चित्रीकरण तोडायचे आणि रंगभूषा वाढवायची, एवढीच युक्ती! १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'मध्ये रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी लॉन चॅनी (धाकटे) या नटाच्या चेहऱ्यावर याक या प्राण्याचे केस चिकटवले. नटाला हलू न देता थोडे चित्रीकरण करायचे, मग आणखी केस लावायचे, पुन्हा थोडे चित्रीकरण करायचे आणि हे तुकडे एकमेकांत विरघळवायचे. गंमत अशी, की त्या चित्रपटात माणसाचा लांडगा होताना चेहरा दिसतच नाही, फक्त पाय दिसतात. चेहरा दिसतो तो शेवटी, आणि तोही उलट क्रमाने, मरताना लांडग्याचा पुन्हा माणूस होतो तेव्हा.

ही थांबून थांबून चित्रीकरण करण्याची कल्पना आपल्यालाही परकी नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवली होती. रोप वाढो की लांडग्याचे केस, तत्त्व तेच.

पुढचा मोठा टप्पा १९८१ चा. जॉन लँडिस यांच्या 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये रिक बेकर या कलावंताने रबराचे हातपाय आणि डोकी तयार केली, त्यांच्या आत हवेच्या पिशव्या बसवल्या आणि भर उजेडाच्या खोलीत माणसाचा पंजा लांबताना, पाठ फुगताना, जबडा पुढे येताना दाखवला. रंगभूषेसाठी ऑस्करचा नियमित पुरस्कार त्याच वर्षीपासून सुरू झाला आणि तो पहिलाच बेकर यांना मिळाला. मायकेल जॅक्सनने ते पाहून याच दोघांना बोलावले आणि १९८३ चे 'थ्रिलर' झाले.

आपल्याकडे याचा पडसाद उमटला तो महेश भट्ट यांच्या 'जुनून' (१९९२) मध्ये. राहुल रॉय शापामुळे पौर्णिमेच्या रात्री वाघ होतो. लांडग्याच्या जागी वाघ घातला, हे दिग्दर्शकाला बरोबर सुचले, कारण मध्य हिंदुस्थानात भीती म्हणजे वाघ.

आता संगणक. जुन्या पद्धतीत कॅमेऱ्यासमोर काहीतरी खरे असावे लागे, मग ते रबर का असेना. संगणकात आधी प्राण्याचा सांगाडा, त्यावर स्नायू, त्यावर कातडी आणि त्यावर लाखो केस, असा थरांनी पुतळा बांधतात. नटाच्या हालचाली नोंदवून त्या पुतळ्याला देतात. शेवटी चित्रात ज्या बाजूने चंद्रप्रकाश येतो, त्याच बाजूने प्रत्येक केसावर उजेड पाडतात. काम सोपे नाही, शेकडो माणसे महिनोन् महिने बसतात. म्हणून "संगणकाने काय, बटण दाबले की झाले" असे म्हणणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे.

पण पुन्हा काढलेल्या चित्रपटांचे पुढे काय झाले? 'जानी दुश्मन'चेच पाहा. त्याच राजकुमार कोहली यांनी २००२ साली त्याच नावाचा नवा चित्रपट काढला. त्यात संगणकाच्या करामती खच्चून भरल्या. गोष्ट मात्र इच्छाधारी नागाची, जुने होते ते नावच तेवढे. आज लोक १९७९ चा चित्रपट आठवणीने पाहतात आणि २००२ चा थट्टेने. 'द वुल्फ मॅन' २०१० साली सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून पुन्हा निघाला. तिकीटबारीवर तेवढी रक्कमही गोळा झाली नाही. त्याला ऑस्कर मिळाले ते संगणकाच्या करामतीसाठी नव्हे, तर रंगभूषेसाठी, आणि मानकऱ्यांत पुन्हा रिक बेकर होतेच.

मराठीतले जवळचे उदाहरण लांडग्याचे नाही, बाहुल्याचे आहे. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) मध्ये तात्या विंचू या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. बाहुला घडवला आणि खेळवला तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. २०१३ साली त्याचा पुढचा भाग त्रिमितीत आला, डोळ्यांना खास चष्मा लावून पाहायचा. तरीही मुलांना आजसुद्धा विचारा, तात्या विंचू म्हटल्यावर डोळ्यांपुढे कोणता येतो? तो पहिलाच. माझ्या मते याचे कारण असे, की लक्ष्मीकांत बेर्डे ज्याच्याकडे पाहून घाबरत होते, तो बाहुला खरोखर त्यांच्या हातात होता. नटाची नजर बरोबर जागी पडते. नटाला हिरव्या पडद्यापुढे उभे करून "इथे वाघ आहे असे समजा" म्हटले, की भल्याभल्यांची नजर चुकते.

म्हणजे संगणक वाईट, असे नव्हे. 'भेडिया' (२०२२) मध्ये अरुणाचलच्या जंगलातून रस्ता काढायला गेलेल्या ठेकेदार तरुणाला लांडगा चावतो. तिथे लांडगा संगणकाचाच आहे. 'मुंज्या' (२०२४) मधले कोकणातले पिंपळावरचे भूतही संगणकाचेच. पण यांतला एकही जुन्या चित्रपटाची नक्कल नाही. जंगल तोडणाऱ्यालाच जंगलाने आपल्यात ओढले, ही गोष्ट आजची आहे. मुंज झालेला, लग्नाआधी वारलेला मुलगा ही समजूत आपल्या घरातली आहे. तंत्र नवे आणि गोष्टही कुणीतरी नव्याने विचार केलेली, म्हणून ते चालले.

आता आपल्या भागाकडे येऊ. लांडगामाणूस आपला नाही, वाघमाणूस मात्र आपला आहे. ठगांचा बंदोबस्त करणारे कर्नल स्लीमन, जे आधी नरसिंहपूरला अधिकारी होते, त्यांनी १८४४ साली छापलेल्या प्रवासवर्णनात वाघ होणाऱ्या माणसांवर एक प्रकरणच लिहिले आहे. नरसिंहपूर म्हणजे जुन्या छिंदवाडा जिल्ह्याला लागूनच. सागरकडच्या देवरीचे जहागीरदार रामचंद्र राव, ज्यांना लोक 'सरीमंत' (म्हणजे आपले श्रीमंतच!) म्हणत, त्यांनी स्लीमनना सांगितलेली ही हकीकत.

जंगलात एक मुळी असते. ती खाल्ली की माणसाचा वाघ होतो. दुसरी एक मुळी आहे, ती मिळाली की तो पुन्हा माणूस होतो. रघू नावाच्या एकाने ही विद्या करून पाहायची ठरवली. परत आणणारी मुळी बायकोजवळ दिली आणि पहिली स्वतः खाल्ली. समोर वाघ उभा राहताच ती बाई इतकी घाबरली, की मुळी घेऊनच पळत सुटली. रघू जंगलात गेला, आसपासच्या गावांतल्या आपल्याच ओळखीच्या माणसांना खाऊ लागला आणि अखेर गोळीने मारला गेला. तो रघूच होता हे कशावरून ओळखले? त्या वाघाला शेपूट नव्हते! माणसाला शेपूट नसते, म्हणून माणसाच्या वाघालाही नसते, असा हिशेब.

स्लीमन हे सारे मिस्कीलपणे सांगतात आणि आपणही ते खरे मानायचे कारण नाही. पण गोष्ट म्हणून पाहा. भीती कुठे आहे? पंजा लांबण्यात नाही. मुळी जवळ असूनही पाय पळू लागतात, त्या बाईत आहे. पळणे तिला टाळता आले असते काय? आणि वाघाच्या कातडीत अडकलेला रघू जुन्या मित्राला ओळखत असेल काय? मी 'जुनून' पुन्हा काढायला निघालेल्या माणसाला एवढेच सांगेन, की बाबा रे, वाघ कसा होतो हे आम्ही पाहिले आहे, आता ती बाई दाखव. संगणकाला काम हवेच असेल तर बिनशेपटीचा वाघ दाखव. रबरात ते जमले नसते, संगणकात छान जमेल.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त काळजीची वाटते. १९७९ चा मुखवटा पाहून मुलांना हसू येते, कारण तो खोटा आहे हे दिसते. ते दिसणे हीच एक सोय होती. आजचे चित्र खरे की बनावट हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. गावात बिबट्या शिरल्याची संगणकाने रचलेली चित्रे मोबाईलवर फिरतात, लोक काठ्या घेऊन बाहेर पडतात आणि वनखात्याला खुलासे करावे लागतात. आपण पेंचच्या जंगलाचे शेजारी. संत्र्याच्या बागेत रात्री जागल करणाऱ्या माणसाला खऱ्या बिबट्याची भीती पुरेशी आहे. त्यात रूप पालटणाऱ्या माणसाच्या समजुतीमुळे खऱ्या माणसांचे, विशेषतः एकट्या राहणाऱ्या बायांचे, हाल झाले आहेत. त्यासाठी छत्तीसगडला २००५ साली टोनही छळाविरुद्ध आणि महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. म्हणून अशा गोष्टीला हुबेहूब चित्र देणाऱ्याने 'ही गोष्ट आहे' हे कळण्यापुरती फट कुठेतरी ठेवली पाहिजे. विनोद ही एक फट आहे. 'झपाटलेला'त ती भरपूर होती.

तेव्हा माझे मत असे: जुना चित्रपट जसाच्या तसा घेऊन त्यावर नवे केस चिकटवायचे असतील, तर पैसे वाया. गोष्टीत राहून गेलेले काही सांगायचे असेल, तर जरूर काढावा. आणि जुना पुसू नये. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या फिती जपतात. त्यांच्यावरचे ओरखडे, डाग संगणकाने काढून त्या पुन्हा पाहण्याजोग्या करता येतात. याच तंत्राचा हा उपयोग मला सर्वांत पटतो. १९७९ च्या राक्षसाला हसायचे असेल तर तो नीट दिसला तरी पाहिजे!

राहिला रघू. ही हकीकत एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. सातपुड्याच्या पायथ्याशी वाघदेवाला मानणारी गावे आजही आहेत. सौंसर-पांढुर्णा भागातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ, मराठीत असो वा गोंडीत, अशा किती गोष्टी असतील, त्यांची फीत कुठल्याच संग्रहालयात नाही. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी जाल तेव्हा आजी-आजोबांना विचारा आणि ते सांगतील तशी, त्यांच्याच शब्दांत, वहीत उतरवून आणा. सांगणाऱ्याचे गाव लिहायला विसरू नका. आणि वाघाला शेपूट होते की नव्हते, तेही विचारा.