विषम वेतन आणि निराशेचे स्वरूप

अल्प वेतनामुळे होणारे दुःख आणि विषम वेतनामुळे येणारी निराशा ही एकच होत, असा सामान्य समज आहे. वस्तुतः त्यांची कारणे भिन्न आहेत. पहिल्याचा संबंध गरजेशी असतो, तर दुसरीचा तुलनेशी.

सॅम्युएल स्टाउफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांसंबंधीचे आपले अध्ययन १९४९ साली प्रसिद्ध केले. लष्करी पोलीस दलात बढती दुर्मिळ होती. हवाई दलात ती त्वरेने मिळे. तरीही बढतीच्या संधींविषयी असमाधान हवाई दलातच अधिक आढळले. सोबत्यांना बढती मिळताना वारंवार दिसते तेथे स्वतःचे मागे राहणे अधिक बोचते, असा याचा अर्थ लावण्यात आला.

जे. स्टेसी ॲडम्स यांनी १९६३ साली या तुलनेस निश्चित रूप दिले. मनुष्य केवळ मोबदला मोजीत नाही. आपले श्रम, अनुभव व पात्रता यांच्याशी असलेले त्याचे प्रमाण तो दुसऱ्याच्या प्रमाणाशी ताडून पाहतो. ते विषम वाटल्यास तो श्रम कमी करतो, वाढ मागतो, तुलनेची व्यक्ती बदलतो किंवा नोकरी सोडतो.

या प्रतिक्रियेची तीव्रता निर्णय कसा सांगितला जातो यावरही अवलंबून असते. जेराल्ड ग्रीनबर्ग यांच्या १९९० सालच्या अध्ययनात दोन कारखान्यांतील वेतन दहा आठवडे १५ टक्क्यांनी घटविण्यात आले होते. एका ठिकाणी कारणे सविस्तर व सहानुभूतीने सांगण्यात आली, दुसऱ्या ठिकाणी त्रोटकपणे. कारखान्यातील चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या. परंतु दुसऱ्या ठिकाणी पुष्कळच अधिक.

तथापि स्पष्टीकरण हा न्यायाचा पर्याय नव्हे. टायर कारखान्यात काम करणाऱ्या लिली लेडबेटर यांना समान पदावरील पुरुषांचे वेतन अधिक असल्याचे नोकरीच्या अखेरीस एका निनावी चिठ्ठीवरून कळले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली मुदत टळल्याच्या कारणावरून त्यांचा दावा अमान्य केला. २००९ साली कायदाच बदलावा लागला.

म्हणून निराश झालेल्या व्यक्तीने दोन प्रश्न पृथक् ठेवावेत: निर्णयाचा निकष कोणता होता, आणि तो सर्वांस सारखाच लावला गेला काय? निकष योग्य असून तो सर्वांस सारखा लावला गेला असल्यास स्वतःची अपेक्षा तपासून पाहणे प्राप्त होते. तसे नसल्यास कामात कुचराई करण्यापेक्षा लेखी स्वरूपात व मुदतीच्या आत दाद मागणे हेच उचित होय. निर्णय घेणाऱ्यांनीही या दोन प्रश्नांची उत्तरे विचारण्यापूर्वीच तयार ठेवली पाहिजेत.