प्रोटॉन जातो तिथे साखळी तुटते

अमिनो आम्ले एकमेकांना जोडली जाऊन ज्या लहान साखळ्या बनतात त्यांना पेप्टाइड म्हणतात. मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे विद्युतभारित रेणूंचे वस्तुमान मोजण्याचे तंत्र, अखंड साखळीचे वस्तुमान अचूक देते. परंतु त्यातील आम्लांचा क्रम कळण्यासाठी साखळी मोडावीच लागते.

ॲबर्डीनच्या जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी सहकाऱ्यांसह 1975 साली ज्याची रचना प्रसिद्ध केली ते, डुकराच्या मेंदूत सापडलेले ल्यूसिन-एन्केफॅलिन हे याचे उत्तम उदाहरण आहे. टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फेनिलॲलानिन आणि ल्यूसिन अशा पाच आम्लांच्या या पेप्टाइडला एक प्रोटॉन चिकटला, की त्याचे वस्तुमान सुमारे 556 डाल्टन भरते. यंत्रातील वायूच्या रेणूंवर ते वारंवार आदळू लागले म्हणजे त्याच्या अंतर्गत ऊर्जेत वाढ होते. मात्र बंध तुटतो तो केवळ धक्क्याच्या जोराने नव्हे, आणि हीच या प्रक्रियेतील खरी विलक्षण गोष्ट आहे. आरंभी साखळीच्या अमिनो टोकाशी, म्हणजे पहिल्या आम्लाच्या बाजूला, असलेला प्रोटॉन ऊर्जा मिळताच साखळीवर फिरू लागतो, तो एखाद्या पेप्टाइड बंधाच्या नायट्रोजनवर आला की तो बंध दुबळा होतो, आणि मग अलीकडच्या आम्लाचा ऑक्सिजन त्या बंधातील कार्बनला जोडला जाऊन पाच अणूंचे वलय तयार होते व साखळी तिथे तुटते.

प्रोटॉन अमिनो टोकाच्या तुकड्याकडे राहिल्यास त्यास ‘बी’ आयन आणि दुसऱ्या तुकड्याकडे गेल्यास ‘वाय’ आयन म्हणतात. प्रभार नसलेला तुकडा यंत्राला दिसत नाही. येथे बी-आयन 425, 278 आणि 221 या वस्तुमानांवर आढळतात: पहिल्या दोहोंतील 147 चा फरक फेनिलॲलानिनचा, तर पुढचा 57 चा ग्लायसिनचा. पहिल्या आम्लाच्या अलीकडे वलयासाठी ऑक्सिजन पुरवणारे आम्लच नसल्याने एका आम्लाचा बी-आयन सहसा दिसत नाही, आणि तेथे 393 चा वाय-आयन उपयोगी पडतो, कारण 556 मधून तो वजा केल्यास टायरोसिनचे 163 उरतात.

साखळीत आर्जिनिन असल्यास ते प्रोटॉनला घट्ट धरून ठेवते व तुटण्यास अधिक ऊर्जा लागते. प्रोलिन असल्यास त्याच्या अलीकडचा बंध विशेष सहजतेने तुटतो. ल्यूसिन आणि आयसोल्यूसिन यांचे वस्तुमान मात्र तंतोतंत सारखे असल्यामुळे त्यांतील भेद या तुकड्यांवरून होत नाही, त्यासाठी आम्लाची बाजूची शाखाही तोडणारी, इलेक्ट्रॉनांचा वा अधिक ऊर्जेच्या टकरींचा वापर करणारी पद्धत अवलंबावी लागते.